दहावीनंतर शिकलेले विद्यापीठात कुठवर धरले जाते?

गाळपाचा हंगाम आणि परीक्षांचा हंगाम आपल्याकडे जवळजवळ बरोबरच उरकतो. दहावी-बारावीचे निकाल लागले, की सभासद मंडळी गट ऑफिसात येतात ती उसाच्या बिलाची चौकशी करायला, आणि दोन मिनिटांत बोलणे मुलांच्या प्रवेशावर येते. गेल्या दोन-तीन वर्षांत एक प्रश्न वारंवार विचारला जातो. कुणाचा पुतण्या, कुणाचा भाचा अमेरिकेत असतो. त्याने म्हणे बारावीत असतानाच कॉलेजचे चार विषय उरकले आणि पुढे विद्यापीठाने ते जमा धरले. मग आमच्या पोरीचं तसं का होत नाही? शाळेने तर तिचा बारा आकडी नंबर काढलाय, त्यात क्रेडिट जमा होतात असं सांगितलं!

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर अर्धे हो, अर्धे नाही, असे आहे. आणि नेमके कुठे हो व कुठे नाही हे न कळल्यामुळे पोराचे एक वर्ष आणि घरातले लाखभर रुपये जाऊ शकतात. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडत आहोत.

आधी क्रेडिट म्हणजे काय ते पाहू. सरकारी मराठीत त्याला श्रेयांक म्हणतात. पूर्वी वर्ष पास की नापास एवढाच हिशेब असे. आता तो विषयवार झाला आहे. वर्गात साधारण १५ तास शिकवले की १ श्रेयांक, प्रयोगशाळेत ३० तास काम केले की १ श्रेयांक. एका सत्राला २० ते २२ श्रेयांक, म्हणजे वर्षाला ४० ते ४४. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ श्रेयांकांची, चार वर्षांची ऑनर्स पदवी १६० ते १७६ श्रेयांकांची. राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत ही पद्धत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली. सोनईच्या महाविद्यालयासारखी जी महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यांनाही ती लागू आहे.

आपल्या भाषेत सांगायचे तर श्रेयांक ही काट्यावरची पावती समजा. गाडी काट्यावर चढली, वजन झाले, पावती हाती आली. माल घातला हे त्या कागदाने सिद्ध होते. पण ती पावती आपल्या कारखान्याच्या हिशेबातली. तीच घेऊन कुणी शेजारच्या कारखान्याच्या खिडकीवर गेले आणि म्हणाले, द्या पैसे, तर तिथला कारकून वर तोंड करून बघेल. श्रेयांकाचे दुखणे सगळे इथेच आहे. मिळवणे हे एक काम, आणि दुसऱ्या संस्थेने ते मान्य करणे हे अगदी दुसरे काम.

ही अडचण दूर करण्यासाठी २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम करून श्रेयांकांची एक बँक काढली. तिला अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स म्हणतात. विद्यार्थ्याचे खाते डिजिलॉकरमधून उघडते. नाव बँक असले तरी या बँकेत विद्यार्थ्याला स्वतः जाऊन भरणा करता येत नाही. भरणा करते ती शिकवणारी संस्था. तुम्ही कितीही चांगले प्रमाणपत्र दाखवले, तरी संस्थेने ते खात्यावर चढवले नसेल तर खाते कोरे. दुसरे, जमा झालेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात. आणि तिसरे, एकदा एका पदवीसाठी वापरले की ते खर्ची पडले. तेच पुन्हा दुसऱ्या पदवीसाठी चालत नाहीत.

शाळेतल्या मुलांचा जो नंबर काढला जातो त्याला अपार म्हणतात. तोही बारा आकडी असतो आणि त्यासाठी पालकांची संमती घ्यावी लागते. तो काढून ठेवायला आमची काहीच हरकत नाही, पुढे उपयोगी पडेल. पण नंबर निघाला म्हणजे श्रेयांक जमा झाले, असा जो समज पसरला आहे तो चुकीचा आहे. गट ऑफिसात उसाची नोंद झाली म्हणजे तोड आली असे आपण म्हणतो का? नोंद ही नोंद. तोड, वाहतूक, वजन हे सगळे पुढे व्हायचे असते.

आता कागदावर पाहिले तर शाळेचे शिक्षणही हिशेबात घेतलेले आहे. २०२३ साली केंद्राने राष्ट्रीय श्रेयांक आराखडा जाहीर केला. त्यात ३० तासांच्या अध्ययनाला १ श्रेयांक, वर्षाचे १२०० तास आणि ४० श्रेयांक धरले आहेत. पाचवी ही पहिली पातळी, आठवी दुसरी, दहावी तिसरी, बारावी चौथी आणि पदवीचे पहिले वर्ष साडेचारावी पातळी. या शिडीचा अर्थ बऱ्याच पालकांनी असा घेतला, की बारावीचे श्रेयांक पदवीला जोडले जाणार. तसे होत नाही. बारावी झाली की तुम्ही चौथ्या पायरीवर उभे राहिलात, पुढची पायरी चढण्याचा हक्क मिळाला, एवढेच. बारावीला भौतिकशास्त्रात पंच्याण्णव मार्क पडले म्हणून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा भौतिकशास्त्राचा पेपर कुणी माफ करत नाही. तिथले श्रेयांक तिथेच बसून मिळवावे लागतात.

अमेरिकेतल्या पुतण्याचे काय?

तिकडे दोन रीती आहेत. एक म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. कॉलेज बोर्ड नावाची संस्था १९५५ पासून हे काम पाहते. हायस्कूलमध्येच कॉलेजच्या तोडीचा विषय शिकवतात, मे महिन्यात परीक्षा होते आणि १ ते ५ यांपैकी एक गुण मिळतो. तीन, चार किंवा पाच मिळाले तर पुष्कळ विद्यापीठे त्या विषयाचे श्रेयांक देतात. दुसरी रीत अशी, की हायस्कूलचा विद्यार्थी गावातल्याच कम्युनिटी कॉलेजात एखाद-दुसरा विषय घेतो, तिथल्या रजिस्टरला त्याचे मार्क चढतात आणि ते गुणपत्रक पुढे विद्यापीठाकडे जाते. तिथली पदवी साधारण १२० श्रेयांकांची, आणि एक विषय बहुधा तीन श्रेयांकांचा. म्हणजे दहा विषय असे आधी उरकले तर वर्षभराची फी वाचते. तिकडची फी पाहता ही रक्कम लहान नाही.

पण तिथेही सरसकट काही नाही. त्याच राज्यातले सरकारी विद्यापीठ सहसा मान्य करते, खाजगी विद्यापीठ मान्य करीलच असे नाही. डार्टमथ कॉलेजने २०१८ मध्ये बाहेर पडणाऱ्या तुकडीपासून अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंटचे श्रेयांक पदवीत धरणे बंद केले. विद्यार्थी हुशार असेल तर त्याला प्राथमिक विषय वगळून वरच्या विषयात बसवतात, पण पदवीचा आकडा मात्र पूर्ण भरायला लावतात. हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण आपल्याकडेही तो पुढे येणार आहे: विषय माफ होणे वेगळे, श्रेयांक जमा होणे वेगळे, आणि नुसता प्रवेशाचा हक्क मिळणे आणखी वेगळे.

आपल्याकडचा घाऊक मार्ग

अमेरिकेत हा व्यवहार किरकोळीत चालतो, एकेक विषय मोजून. आपल्याकडे किरकोळीचे दुकान अजून नीट उघडलेले नाही, मात्र घाऊक दुकान जुने आहे आणि चांगले चालते. ते म्हणजे दहावीनंतर तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका आणि तिच्या जोरावर इंजिनिअरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने अकरावी-बारावीच्या वयात जे शिकले, ते विद्यापीठ इथे खरोखर धरते आणि पदवीचे अख्खे पहिले वर्ष, म्हणजे साधारण ४० श्रेयांकांचे काम, एकदम वगळते. पुतण्याच्या गोष्टीला आपल्या जिल्ह्यातले उत्तर असेल तर ते हेच.

हिशेब मांडून पाहू. दहावीनंतर अकरावी-बारावीची दोन वर्षे आणि पदवीची चार, एकूण सहा. पदविकेची तीन आणि थेट दुसऱ्या वर्षापासून तीन, तेही एकूण सहाच. म्हणजे वर्ष वाचत नाही. ‘डिप्लोमा केला की एक वर्ष वाचतं’ असे जे पारावर सांगितले जाते ते बरोबर नाही. फायदा दुसराच आहे. सहा वर्षांच्या मध्यावर, तिसऱ्या वर्षअखेर, पोराच्या हातात एक पुरा कागद असतो. त्या वर्षी पाऊस झाला नाही, घरात आजारपण निघाले, बापाला वाटले की आता पुरे, तर पोरगा पदविकेवर नोकरीला लागू शकतो. बारावी सायन्स होऊन सीईटीत कमी पडलेल्या पोराच्या हातात मात्र त्या वेळी काहीच नसते. ज्याचे घर उसाच्या एका बिलावर चालते त्याने ही गोष्ट आधी पाहावी, असे आमचे मत आहे.

पदविकेचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो आणि त्यासाठी किमान ३५ टक्के लागतात. पुढे थेट दुसऱ्या वर्षासाठी पदविकेला खुल्या वर्गात किमान ४५ टक्के व राज्यातील मागास प्रवर्गांना ४० टक्के लागतात. सीईटी द्यावी लागत नाही, गुणवत्ता यादी पदविकेच्या टक्क्यांवर लागते. किमान टक्के हे नुसते दार उघडण्यापुरते. नामांकित महाविद्यालयात जागा मिळण्यासाठी पुष्कळच जास्त लागतात. प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत केंद्रीभूत पद्धतीने होतो. इथे एक गोष्ट जाड अक्षरात वाचावी अशी आहे. फीची बहुतेक सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतला असेल तरच मिळते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक पदवीच्या फीची पूर्ण सवलत २०२४-२५ पासून आहे, तिलाही हीच अट आहे. कुणी ‘मॅनेजमेंटमधून लगेच करून देतो’ म्हणाले, तर ती घाई केवढ्याला पडते याचा हिशेब आधी घरी करावा.

आता या मार्गातला खड्डा. पहिले वर्ष वगळले जाते म्हणजे त्या वर्षाचे गणितही वगळले जाते, पण दुसऱ्या वर्षाचे गणित ते येते असे धरूनच शिकवतात. पदविकेत गणित असते, तरी ते पदवीच्या गणितापेक्षा हलके. थेट दुसऱ्या वर्षाला गेलेली आपली बरीच मुले तिसऱ्या सत्राच्या गणितात अडकतात आणि मग सगळे म्हणतात, डिप्लोमावाला कच्चा. पोरगा कच्चा नसतो, त्याच्या पायाखालची एक पायरी काढून घेतलेली असते. पदविकेचा शेवटचा निकाल आणि पदवीचे वर्ग यांच्या मध्ये जे आठवडे मिळतात, त्यात पहिल्या वर्षाचे गणित शिकवणारा कुणी गाठावा. मोबाईलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलची व्याख्यानेही फुकट आहेत. वर्कशॉपमध्ये मात्र हाच मुलगा बारावीवाल्यांच्या पुढे असतो, हेही सांगितले पाहिजे.

जाता जाता एक जुनी गोष्ट. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. त्याआधी सरकारी महाविद्यालये मोजकी, जागा मोजक्या. त्यानंतर सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात तंत्रनिकेतने आणि इंजिनिअरिंग कॉलेजे उभी राहिली. उसाच्या पट्ट्यातल्या मुलाला पदविका आणि पदवी दोन्ही जिल्ह्यात मिळू लागली ती यामुळे.

याच मार्गाला आणखी दोन पायवाटा येऊन मिळतात. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलाला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. तिथून पुढे पदवीलाही. त्याची बेरीज दोन, दोन आणि तीन मिळून सात वर्षे. तसेच बारावी सायन्स किंवा बारावी व्यवसाय अभ्यासक्रम झालेल्यालाही पदविकेच्या दुसऱ्या वर्षाचे दार आहे. बारावीला गाडी अडली म्हणून पोर घरी बसवू नका, एवढ्यासाठी हे सांगितले. औषधनिर्माण शास्त्रात पदविका बारावीनंतर असते आणि तिथेही बी.फार्म.चे दुसरे वर्ष मिळते. कृषीचे नियम मात्र वेगळे आहेत. इंजिनिअरिंगला मिळते म्हणजे कोणत्याही कृषी पदविकेवर बी.एस्सी. अ‍ॅग्रीचे दुसरे वर्ष मिळेलच, असे गृहीत धरू नये. पदविकेला नाव घालण्याआधीच राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे त्या वर्षीचा नियम विचारावा आणि लेखी पाहावा.

शाळेत असताना पुढचे काही करायचेच असेल, तर एक चांगली सोय आहे. आयआयटी मद्रासने २०२० साली डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी सुरू केली. तिच्या पात्रता फेरीला अकरावीची परीक्षा दिलेला विद्यार्थीही बसू शकतो. दहावीला गणित आणि इंग्रजी मात्र झालेले हवे. चार आठवडे चार विषयांचा अभ्यास, मग परीक्षा. पास झाला तर बारावीनंतर प्रवेश मिळतो. हे वर सांगितलेल्यातले प्रवेशाच्या हक्काचे उदाहरण झाले. श्रेयांक तो पुढे प्रवेश घेतल्यावर मिळवतो. पण हक्क आधी हाती असला की बारावीचे वर्ष जरा निवांत जाते.

मुलींच्या बाबतीत

बँकेचा आज सर्वांत खरा उपयोग कुणाला, असे विचारले तर आम्ही म्हणू, मध्येच शिक्षण सुटणाऱ्या मुलीला. आपल्या भागात एफ.वाय. झाली, स्थळ आले, लग्न झाले आणि पोरगी नाशिकला किंवा पुण्याला गेली, हे घरोघरी आहे. पूर्वी तिचे ते वर्ष वायाच जाई. पुन्हा शिकायचे म्हटले तर बहुधा पहिल्यापासून. आता पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ श्रेयांक तिच्या खात्यावर राहतात. वर ठरलेला एक छोटा कौशल्य अभ्यासक्रम पुरा केला, तर बाहेर पडताना प्रमाणपत्रही घेता येते. दोन वर्षे झाली असतील तर पदविका. तीन वर्षांच्या आत परत यावे आणि सुरुवातीपासून सात वर्षांत पदवी पुरी करावी, अशी मुदत आहे.

मात्र दुसऱ्या विद्यापीठात जाताना तिथला अभ्यासक्रम जुळतो का, त्या वर्षात जागा रिकामी आहे का, हे ते विद्यापीठ पाहणार. बँक श्रेयांक दाखवील, जागा मिळवून देणार नाही. म्हणून सासरच्या गावातल्या महाविद्यालयाकडे आधी चौकशी करावी, आणि जुन्या महाविद्यालयातून दाखला, प्रत्येक सत्राची गुणपत्रिका व विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र ही कागदे निघण्यापूर्वीच काढून घ्यावीत. लग्नाच्या याद्या होतात तेव्हा या कागदांचीही एक यादी करायला कुणाची ना नसावी.

चौकशी करताना विचारायचे काय, हेही सांगतो. ‘क्रेडिट चालतात का हो?’ असे विचारले की खिडकीवरचा माणूस ‘चालतात’ म्हणतो आणि तो खोटे बोलत नसतो. विचारावे असे: माझ्या मुलाने अमुक संस्थेत अमुक विषय केले आहेत, तुम्ही त्याला कोणत्या वर्षात घ्याल, कोणते विषय माफ कराल, आणि किती श्रेयांक पदवीत धराल? उत्तर कागदावर मिळाले तर उत्तम. नाहीतर त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतले पान दाखवा म्हणावे. मागच्या वर्षीचे पान चालत नाही, नियम दर साल थोडेफार बदलतात.

शेवटचे काम नावाचे. वाटते क्षुल्लक, पण सगळ्यात जास्त खोळंबा यानेच होतो. आधारवर आडनाव शेवटी, गुणपत्रिकेवर आधी. आधारवर वडिलांचे नाव ‘बाळासाहेब’, शाळेत ‘भाऊसाहेब’. एकीकडे जन्मतारीख जूनची, दुसरीकडे खरी. नाव जुळले नाही तर अपार नंबर निघत नाही, निघाला तर श्रेयांक खात्यावर चढायला अडचण येते. दहावीच्या गुणपत्रिकेतली दुरुस्ती शाळेमार्फत पुण्याच्या विभागीय मंडळाकडे जाते आणि तिला वेळ लागतो. आधारची दुरुस्ती त्यामानाने लवकर होते. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे का तेही पाहावे, कारण डिजिलॉकरचा आकडा त्याच मोबाईलवर येतो आणि अनेक घरांत तो नंबर थोरल्या भावाचा असतो, जो कामाला चाकणला असतो. ज्यांचे मूल यंदा नववीत आहे त्यांनी हे काम दहावीचा फॉर्म भरण्याआधी उरकावे, म्हणजे गुणपत्रिकेवर पहिल्यापासूनच बरोबर नाव येईल.

जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र ही कागदे हेलपाटे घालून गोळा करावी लागतात. त्यांना लागणारा वेळ धरूनच निघावे. पडताळणीला सर्वांत उशीर लागतो, तिचा अर्ज पदविकेच्या शेवटच्या वर्षाला असतानाच टाकावा, आणि पोच पावती जपून ठेवावी.